पँट घेऊन समुद्रात गेलेले साहेब

"पँट काढ म्हटलं ना! ओली झाली तर परतताना माझ्या गाडीत बसू देणार नाही," कंपाउंडरने दम भरला. तेव्हा शिंप्याने चारी दिशांना पाहून नाइलाजाने पँट काढली आणि चपलांवर ठेवली. घडी अशी, की दुकानाच्या काचेमागे मांडावी. आता अंगात शर्ट आणि निळ्या पट्ट्यांची चड्डी. तीही त्यानेच शिवलेली, त्यामुळे निदान शिवणीची लाज नव्हती.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिंपी पहिल्यांदा समुद्र पाहत होता. रस्ता अवघा तीन तासांचा, पण मशीनवरून उठायला कधी सवडच झाली नाही. आज कंपाउंडर आणि मास्तर या दोघा शाळासोबत्यांनी त्याला दुकानातून जवळजवळ उचलूनच आणलं होतं. बरोबर मास्तरचा कुत्रा होता. चाल भारदस्त आणि कुणाचंच ऐकायचं नाही हा बाणा, म्हणून सगळे त्याला 'साहेब' म्हणत.

घोटाभर पाण्यात उभं राहून शिंपी बघतच राहिला. "मास्तर, याला पलीकडे काठच नाही रे."

"असतो. दिसत नाही," मास्तर चटईवर आडवा होत म्हणाला.

"केवढा मोठा पन्हा!" कापडाची रुंदी मोजावी तशी नजर फिरवत शिंपी पुटपुटला.

तेवढ्यात साहेब त्याच्या शेजारून दौडत पाण्यात शिरले. तोंडात पँट होती.

"जाऊ दे रे, दुसरी शिवशील," कंपाउंडर हसत सुटला. मग एकदम थांबला. "गाडीची चावी कुठाय?"

"पँटच्या खिशात. तूच म्हणालास, तुझ्याकडे वस्तू नीट राहते."

दोघेही धावले. मास्तरचा गुडघा दुखरा, तो काठावरूनच ओरडत राहिला, "पळू नका! पळलात की त्याला खेळ वाटतो!" साहेबांना खेळच वाटला. ओहोटीच्या उथळ पाण्यातून ते पुढे, दोघे मागे. अखेर समुद्रात वर आलेल्या वाळूच्या पट्टीवर साहेब थांबले आणि शेपूट हलवू लागले.

"साहेब, असं करू नका हो," शिंपी काकुळतीला आला. "द्या ती इकडे." साहेब चार पावलं मागे सरले. ही विनवणी बराच वेळ चालली. कंपाउंडरने एकदाचा साहेबांच्या गळ्यातला पट्टा धरला, पण साहेबांचा जबडा काही उघडेना. मग दोघांनी मागे वळून पाहिलं. मघाशी गुडघाभर असलेलं पाणी आता चांगलंच चढलं होतं.

"भरती," कंपाउंडर म्हणाला. "तुला पोहता येतं?"

"नाही. तुला?"

"विहिरीत. विहिरीला कठडा असतो."

शिंप्याने कुत्र्याला खांद्यावर घेतलं आणि कंपाउंडरचा हात घट्ट धरला. दोघे निघणार, इतक्यात पट्टीच्या पलीकडचं खोल, काळंशार पाणी फुगलं. त्यातून एक पाठ वर आली. येतच राहिली. शिंप्याला वाटलं, आता संपेल, मग संपेल. पण ती संपेचना. मग मोठा सुस्कारा झाला आणि कोमट तुषार दोघांच्या तोंडावर पडले.

"देवमासा," कंपाउंडर कसाबसा म्हणाला.

पाण्यातून एक डोळा शिंप्याकडे पाहत होता. शांत, जुना, कसलीच घाई नसलेला. शिंप्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. पाणी, चावी, चड्डी, सगळ्याचा त्याला विसर पडला. साहेबांचाही जबडा सुटला आणि पँट पाण्यात पडली, तीही कुणाच्या लक्षात आली नाही.

ती पाठ हळूहळू बुडाली. मागोमाग एक लाट आली आणि दोघांना नखशिखांत भिजवून गेली. ती ओसरली, तेव्हा पँट कंपाउंडरच्या गळ्यात होती. त्याने खिसा चाचपला. चावी होती!

छातीभर पाण्यातून दोघे कसे आले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. भीती वाटायची राहूनच गेली. काठावर बरीच गर्दी जमली होती. माणसं आ वासून पाहत होती. मास्तर रडवेला होऊन लंगडत आला.

"पाहिलंत ना?" शिंप्याने विचारलं.

"पाहिलं की!" चहाच्या टपरीवरची म्हातारी गालावर हात ठेवून म्हणाली. "साठ वर्षं इथे काढली, पण असलं काही पाहिलं नव्हतं बाबा."

"केवढा प्रचंड होता ना, आजी?"

"कोण?"

"देवमासा!"

"तो होय! तो येतो की दर वर्षी. त्याचं काय एवढं?" म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं. "पण चड्डीवरचा माणूस, खांद्यावर कुत्रा, दुसऱ्याच्या गळ्यात पँट, आणि दोघे हातात हात घालून भर समुद्रातून हसत चालत येताहेत..."

ती अदबीने बाजूला झाली, आणि तिच्यामागोमाग सगळ्या गर्दीने त्या दोघांना वाट करून दिली.