सुपडू नानांचा भुसा

"पीएचडी? तीन वर्षांत उरकते बघा!" असं सगळ्या शिंदखेड्याला सांगून मी जळगावला आले होते.

माझा विषय साधा होता. पांढऱ्या जातीची उंदरीण चार दिवसांनी माजावर येते, काळी पाच दिवसांनी. हा फरक आईबापांकडून रक्तात येतो का, एवढंच शोधायचं. वीस उंदरिणी, नर वेगळ्या खोलीत; रोज सकाळी आठला एकेकीची तपासणी. मेडिकलला शिकणाऱ्या पोरींनीही सूक्ष्मदर्शकाखाली माझ्याइतक्या काचपट्ट्या पाहिल्या नसतील!

पिंजरे सांभाळायचे, त्यांत भुसा अंथरायचे ते सुपडू नाना. ते उंदरांशी अहिराणीत बोलत आणि उत्तर आल्यासारखी मान हलवत. आज बारा वर्षांनीही, धुळ्यात वखारीवरून जाताना लाकडाच्या भुशाचा वास आला, की मला आधी नाना आठवतात.

सहा महिने सगळं शिस्तीत चाललं. मग आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आली. सण झाला आणि तिसऱ्या दिवशी जळगावला परतून पाहते तर काय! पांढऱ्या, काळ्या, झाडून साऱ्या एकाच दिवशी माजावर! जणू गावजेवणाचं बोलावणं आलं होतं!

मी खुर्चीवरून उडालेच. दोन्ही जातींत दडलेला, उन्हाळ्यात जागा होणारा नवा जीन! मी त्याचं बारसंही केलं: 'खान-१', खानदेशातला म्हणून. लगेच आईला फोन लावला.

"आई, मी नवा जीन शोधला!"

आई कडाडली, "बावीस प्रतिज्ञा पाठ कराले लाव्या तुले, आनि तू जिन धरस?"

"अगं, जिन नाही, जीन!"

पण उशीर झाला होता. फोन स्पीकरवर होता आणि शेजारच्या मंजुळाबाई चहाला बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की संघमित्राने जळगावात भूत पिंजऱ्यात घातलंय. दोघींनी तर ताईत मागितले!

आठवड्याने समितीपुढे सादरीकरण. 'खान-१' मी अशा थाटात मांडला, की आमच्या मार्गदर्शक प्रमिला मॅडमही टेकून बसल्या. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी मात्र चष्मा काढला.

"त्या दिवसांत पिंजऱ्यात काही बदललं होतं?"

"काहीच नाही!" मी छाती काढून म्हणाले.

चहाचा ट्रे घेऊन आलेले नाना थबकले. "भुसा बदला व्हता ना, पोरी. आखाजीनी वखार बंद. नवा भुसा कोठून आनू? मंग नरसना पिंजरामधला टाका. चांगला व्हता!"

बाई हसू लागल्या. "नराच्या मुताचा वास लागला, की तिसऱ्या दिवशी बहुतेक माद्या एकदम माजावर येतात. शोध चांगला आहे हो. फक्त साठ वर्षांपूर्वी लागलाय!"

खोलीभर हशा. माझे कान तापले. आधी कधी कोणता भुसा पडला, कुणास ठाऊक; सहा महिन्यांची नोंद पाण्यात! मॅडम मात्र हसल्या नाहीत. "सुपडू, उद्यापासून तुम्ही इथे..."

नानांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि खिशातून पिंजऱ्यांच्या किल्ल्या काढल्या.

"भुसा तपासायचं काम माझं होतं, मॅडम," मी म्हणाले. "सणाचे चार दिवस मी घरी पुरणपोळ्या खात होते."

हेही खरंच होतं. नाना राहिले.

दुसऱ्या दिवशी आठला पोचले, तर वीसही पिंजरे धुऊन वाळत होते आणि शेजारी नव्या भुशाची तीन पोती. "कर सुरू," नाना म्हणाले, माझ्याकडे न बघता.

तीन वर्षांचं काम पाच वर्षांत झालं. पांढरीचे चार दिवस, काळीचे पाच आणि दोघींच्या लेकींचं मधलंच काहीतरी. फरक रक्तातला होता. प्रबंध बांधून आला, तेव्हा मी तो घेऊन नानांच्या घरी गेले. त्यांचं नाव बोटाने दाखवलं.

नाना घाबरले. "पोरी, मनी चूक छापी टाकी का?"

"नाही नाना, आभार मानलेत."

ते कितीतरी वेळ त्या ओळीवर हात फिरवत राहिले. मग बायकोला हाक मारली, "दख वं, पुस्तकमा मनं नाव शे!"

आता तुम्हाला म्हणून सांगते, चूकही छापलीय. पान एकशे बारा, तळटीप, बारीक अक्षरात. पण इंग्रजीत हो!