मोरिता आजींचा डबा

तू नुसतं ऐक, हसायचं ते शेवटी हस. आपला शशांक पुण्याहून प्रोजेक्टवर तोक्योला गेला त्याला वर्षही झालं नाही, पण बोलण्याचा रुबाब असा की तिथल्या मोठ्या स्टेशनाखालचा अख्खा भुयारी बाजार यानेच खणलाय. त्या दिवशी बायकोला, कौमुदीला म्हणाला, "आज या डब्याचा निकाल लावूनच येतो."

डबा मोरिता आजींचा. तोक्योतल्या हिगाशी-कासाई भागात यांच्या शेजारच्या घरात त्या एकट्याच राहतात. नवे शेजारी आले म्हणून त्यांनी लाकडी डब्यातून मिठाई दिली. आता आपल्याकडे डबा रिकामा परत जातो का? कौमुदीने बेसनाचे लाडू भरून दिला. आणि तिकडची रीत अशी, की भेट आली की उलट भेट द्यायचीच. डबा पुन्हा दारात, भरलेला. मग चिवडा गेला, बिस्किटं आली. शंकरपाळे गेले, जेली आली. डबा दोन दारांमध्ये सरकारी फाइलसारखा फिरायला लागला. घरातलं बेसन संपलं, रवा संपला, कौमुदी पार मेटाकुटीला आली. पण थांबवायचं कुणी? जो थांबेल तो हावरट.

शशांकची योजना सोपी. स्टेशनाखालून इतकी भारी मिठाई आणायची, की आजींनी हात टेकले पाहिजेत.

गेला खाली. अरे, स्टेशन कसलं, जमिनीखाली गाव वसवलंय! काचेआड प्लास्टिकच्या नूडल्स, इतक्या खऱ्या की फक्त वाफ यायची बाकी. प्रत्येक काउंटरवर एक बाई टूथपिकला तुकडा टोचून पुढे करते, आणि नाही म्हणणं आपल्या रक्तात नाही. केक, तांदळाची बिस्किटं, रताळ्याच्या वड्या, हा खात खात निघाला. एवढी वळणं घेतली आणि पुन्हा त्याच रताळेवाल्या बाईपुढे हजर. तिने तितक्याच अदबीने वाकून दुसरा तुकडा दिला. आता न घेता जायचं कोणत्या तोंडाने? लागला रांगेत.

पुढे एक पाठमोरी म्हातारी. वळली, तर मोरिता आजी.

दोघं चोरी पकडल्यासारखे उभे. मग जे एकमेकांना वाकून नमस्कार सुरू झाले, ते थांबेचनात. मागची रांग ताटकळली. शेवटी आजीच हळूच, त्याला कळेल अशा सोप्या जपानीत म्हणाल्या, "शशांक-सान, हे थांबवता येईल का? इथले जिने उतरून माझे गुडघे दुखतात हो."

शशांकला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. तह झाला. दोघंही रांगेतून बाहेर पडले, बाजूच्या टपरीएवढ्या दुकानात बसून चहा प्यायले, गरम रताळं खाल्लं. हा पाकीट काढेपर्यंत आजींनी पैसे देऊनही टाकले.

शशांकने ऐटीत फोन लावून कौमुदीला बातमी दिली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या पैशांनी खाऊन बसलास? आत्ताच्या आत्ता त्यांना रविवारी जेवायला बोलाव."

काय करतो, बोलावलं. आजींचे डोळेच भरून आले. इतक्या वर्षांत कुणी जेवायला बोलावलं नव्हतं म्हणे. वाकून आभार मानले, आणि रविवारी रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून गुडघा चोळत पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

आता तूच सांग, त्याच्या जागी तू काय केलं असतंस?