साहेबांची खानावळ

झुरळं पाळणं हे कुत्रं पाळण्यापेक्षा कितीतरी सोपं आणि निर्धोक काम आहे, असं भार्गवीचं ठाम मत होतं. ज्या दिवशी लातुरातली ती अख्खी गल्ली भर दुपारी रस्त्यावर येऊन उभी राहिली, त्या दिवशी सकाळपर्यंत तरी हे मत बदलावं असं काही घडलेलं नव्हतं.

मत अभ्यासातून बनलेलं होतं. भार्गवी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होती आणि चार वर्षांच्या सर्वेशची आई होती. या दोन पदव्या एका बाईकडे असल्या की घरात शांतता नांदत नाही. सर्वेशनं कुत्र्याचा हट्ट धरला, तेव्हा तिनं रीतसर विचार केला. कुत्रा चावतो. मांजराच्या केसांनी दमा होतो. पोपट पाळायला कायद्यानं बंदी. माशांच्या टाकीत मुलं डोकं घालतात. एकेक करून सगळी प्राणिसृष्टी बाद झाली आणि शेवटी बेडूक उरला.

नांदेडच्या दिरानं तो हैदराबादहून आणून दिला. दक्षिण अमेरिकेतला होता, आला तेव्हा लिंबाएवढा आणि बघता बघता वाटीएवढा झाला. हिरवंगार अंग, या कानापासून त्या कानापर्यंत तोंड. दिवसभर एका जागी बसायचं, समोर येईल ते गिळायचं आणि पुन्हा डोळे मिटायचे, हा त्याचा दिनक्रम. भार्गवीच्या नवऱ्यानं, म्हणजे अंबरीशनं, पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं.

प्रश्न साहेबांच्या जेवणाचा होता. घरात सापडणारी झुरळं द्यावीत तर त्यांच्या पोटात कुणाकुणाच्या मोरीतलं औषध असणार. रातकिडे आणावेत तर ते रात्रभर किरकिरणार. मग भार्गवीनं पुस्तकं चाळली, इंटरनेट उलथंपालथं केलं आणि साहेबांच्याच मुलखातली ‘डुबिया’ जातीची झुरळं मागवली. ही फार गुणी जात. वास नाही, आवाज नाही, उडणं नाही, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्यांना चढता येत नाही. झाकणाला भोकं पाडलेल्या मोठ्या पेटीत ती सुखानं नांदू लागली. गाजर, भोपळा, गव्हाचा कोंडा असा आहार. या झुरळांना आपल्यापेक्षा बरी कोशिंबीर मिळते, अशी अंबरीशची तक्रार होती. ज्या शहरात दर दुसऱ्या घरावर मेसची पाटी आहे, तिथं आमच्याकडे एका बेडकासाठी खानावळ चालते, असंही तो म्हणे. पण क्लासमध्ये दिवसभर केमिस्ट्री शिकवून आलेल्या माणसाच्या तक्रारीत जोर नसतो.

जोर होता तो खालच्या मजल्यावर. तिथं घरमालक गुरुपादप्पा आणि त्यांच्या पत्नी उमादेवी राहत. शेजारच्या दोन खोल्यांत ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुली कॉट बेसिसवर होत्या. एका खोलीत एवढ्या कॉट की मुलींना वळायचं झालं तर सगळ्यांनी ठरवून वळावं लागे. वरचा मजला मात्र एका फुटकळ कुटुंबानं अडवून ठेवलाय, हे शल्य गुरुपादप्पांना जेवताना सलायचं. तिथं किती कॉट बसतील हे त्यांनी मनातल्या मनात इतक्यांदा मोजलं होतं की गप्पा मारतानाही त्यांची नजर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची.

अडचण एकच होती. सिद्धेश्वराच्या यात्रेत, चारचौघांसमोर त्यांनी अंबरीशला शब्द दिला होता : तुमचं लेकरू पहिलीत जाईपर्यंत तुम्हाला उठवणार न्हाई. पण घरात अंडं आणायचं न्हाई, जनावर पाळायचं न्हाई. शब्दाचा माणूस होता. शब्द मोडायचा नव्हता. भाडेकरूनं अट मोडावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि जूनच्या तोंडावर लातुरात कुटुंबासाठी घर शोधणं म्हणजे काय, ते भार्गवीला चांगलं माहीत होतं. तिची मैत्रीण महिनाभर फिरून शेवटी चाकूरला राहायला गेली आणि आता रोज एसटीनं ये-जा करत होती. त्यामुळे साहेब आणि त्यांची खानावळ माळ्याखालच्या कपाटात, सर्वेशच्या चादरींमागे गुपचूप राहत होती. सर्वेशला पढवून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर साहेब रबराचे आहेत म्हणायचं. साहेबांचं एकूण वागणं बघता ते खोटं वाटलंही नसतं.

त्यात त्या झुरळांचा एक विचित्र शौक. त्यांना राहायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लागतात. जन्मात अंडं न चाखलेली भार्गवी ते ट्रे साडीच्या दुकानाच्या पिशवीतून, तोंडाला ओढणी बांधून आणायची. अंडी नकोत, नुसते ट्रे द्या, असं ती म्हणाली तेव्हा दुकानदारानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की अंडी घेतली असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

तर तो सोमवार. भार्गवी पेटी जमिनीवर घेऊन साफ करत होती. मळके ट्रे बाहेर, झाकण सोफ्याखाली, सर्वेश शेजारी बसून झुरळांना नावं ठेवतोय. तेवढ्यात पुढच्या जिन्यावर गुरुपादप्पांच्या चपला वाजल्या आणि त्यांच्या मागोमाग अनोळखी बुटांचा आवाज.

“अहमदपूरचे पाव्हणे आलेत. सहज गच्ची दाखवतो म्हणलं.”

हे ‘सहज’ दर आठवड्याला व्हायचं. गच्ची बघायला आलेले पालक प्रत्यक्षात भार्गवीचा हॉल बघून जायचे. तिनं हाताला लागला तो नवा ट्रे पेटीत उभा खुपसला, वर चादर टाकली आणि पेटी उचलून मागच्या जिन्यानं खाली धावली. जिन्याच्या वळणाखाली मोडक्या कॉट पडलेल्या असत. त्यांच्याआड पेटी सरकवून ती वर आली आणि पाहुण्यांना हसून पाणी दिलं. पाहुण्यांनी पाणी पीत पीत हॉल मोजला.

ते गेले, पण गुरुपादप्पा दारातच रेंगाळले. सर्वेशची पहिली कधी, म्हणून विचारलं. मग सर्वेशलाच, तुला शाळा आवडते का, लवकर जायचंय का, म्हणून चुचकारलं. या सगळ्या धास्तीत पेटी खालीच राहिली. राहीना का, असं तिला वाटलं; गुळगुळीत भिंत डुबियाला चढता येत नाही.

हे शंभर टक्के खरं आहे. पण कुणी शिडी लावून दिली तर कोण चढणार नाही? उभा खुपसलेला तो ट्रे पेटीच्या काठाच्या चांगला वर आलेला होता.

दुपारी उमादेवींनी मागचा जिना धुवायला काढला. वरून बादली ओतली आणि पाणी वळणाखाली गेलं. थोड्या वेळानं तिथून झुरळं निघाली. मोठाली, तपकिरी, पाठीवर पट्टे असलेली, या भागात कुणी न पाहिलेली. इथल्या झुरळांसारखी ती सैरावैरा पळत नव्हती. बिऱ्हाड हलवावं तशी, पिल्लं सोबत घेऊन, एका ओळीत, संथपणे अंगणातून फाटकाकडे चालली होती.

उमादेवींच्या हातातला खराटा जागच्या जागी थांबला.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या औशाजवळच्या एका खेड्यात नव्या नवरी होत्या. त्या वेळी आदल्या दिवशी मुंग्या घर सोडून निघाल्या होत्या, हे त्या नेहमी सांगत. वर्षं गेली तशा गोष्टीतल्या मुंग्यांमागे उंदीर आले, मग साप आले. लातूरकडच्या माणसाला अशा गोष्टींचं हसू येत नाही. इथं रात्री भांडं पडलं तरी माणूस आधी बाहेर येतो आणि मग भांडं कुणाचं ते बघतो.

उमादेवी ओरडल्या नाहीत. मुलींच्या खोलीच्या दारात गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पोरींनो, बाहेर व्हा. किडे घर सोडून चाललेत.”

त्या हळू आवाजानंच घात केला. मुली क्लासच्या मॉड्यूलची पुस्तकं छातीशी धरून बाहेर पळाल्या. गुरुपादप्पा अंगातल्या बनियनवर, हातात टीव्हीचा रिमोट घेऊन आले. शेजारच्या घरांना हाका गेल्या. वर भार्गवीला ‘भूकंप’ एवढाच शब्द ऐकू आला. एका काखेत सर्वेश आणि दुसऱ्या काखेत साहेबांची टाकी घेऊन तीही जिना उतरली, आणि गल्लीच्या मधोमध पोचल्यावर तिला ती ओळ दिसली. सर्वांत पुढे जी मादी चालली होती तिला सर्वेशनं सकाळीच ‘आत्या’ असं नाव ठेवलं होतं.

“आई, आत्या,” सर्वेश म्हणाला.

“गप बस,” भार्गवी म्हणाली.

आता सांगावं तर घर जाणार, न सांगावं तर ही सगळी माणसं उन्हात. थोडा वेळ बघू, आपोआप आत जातील, असं तिनं ठरवलं. पण माणसं आत जाईनात, उलट वाढू लागली. शेजारच्या गल्लीला बातमी कळली. मग कुणीतरी झुरळांचा फोटो काढून पाठवला आणि क्लासेसचा रस्ता बाहेर आला. चालू तास सोडून पोरं रस्त्यावर बसली. कॉटवरच्या मुलींपैकी धर्माबादच्या पुनमला वडिलांचा फोन आला, की जीप घेऊन निघालोय, भिंतीपासून लांब थांब. उमादेवींच्या गोष्टीत एव्हाना सापांमागे घोरपडी निघाल्या होत्या.

त्यात अंबरीश धापा टाकत आला. बोटांना खडू, खांद्यावर डस्टर. भिंतीवरून चाललेल्या एका झुरळाकडे त्यानं पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

“अगं, ही आपलीच ना?”

“हळू बोला.”

“माझ्या क्लासमधली सगळी पोरं खाली उतरून बसलीत. संचालक त्यांना ठेवायला मागचं पत्र्याचं शेड उघडायला निघालेत.”

“घर जाईल,” भार्गवी म्हणाली. अंबरीशनं कॉलर सारखी केली आणि तोही गर्दीत उभा राहून आभाळाकडे बघू लागला.

ती आणखीही गप्प राहिली असती. पण सर्वेशचे गाल लाल झाले होते आणि तो पाणी नको म्हणत होता. लातूरच्या जूनमधल्या उन्हाबद्दल आणि लहान मुलांच्या अंगातल्या पाण्याबद्दल भार्गवीनं जे जे वाचलं होतं, ते सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढे आलं. घर गेलं तर चाकूर आहे, एसटी आहे. ती सरळ उमादेवींपुढे जाऊन उभी राहिली.

“काकू, भूकंप येणार नाही. ती झुरळं माझी आहेत. मी पाळलीत. बेडकाला खायला.” आणि पुरावा म्हणून तिनं साहेबांची टाकी वर धरली.

साहेबांनी एक डोळा उघडला आणि मिटला. गुरुपादप्पांच्या चेहऱ्यावर उजेड पसरू लागला, आणि तो उन्हाचा नव्हता.

नेमका त्याच वेळी खालून, खोल कुठूनतरी, एक घुर्रर्र असा आवाज आला. खिडक्यांची तावदानं खुळखुळली. उभी असलेली माणसं मटकन खाली बसली.

तो जमिनीतला आवाज होता, की मागच्या गल्लीत नव्या हॉस्टेलच्या बांधकामावर खडीचा हायवा ट्रक रिकामा झाला, हे आजवर ठरलेलं नाही. भार्गवीनं हायवाची शक्यता तीन वेळा समजावून सांगितली. पण आता तिचं शास्त्र कुणाला ऐकायचं नव्हतं. उमादेवींनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

“यव्वा, लेकरू किती हुशार हाय बघा. आमाला भूकंप आधी कळावा म्हणून गुपचूप किडे पाळले, आन् बेडकाचं नाव पुढं करतीय.”

मुली तिच्या पाया पडल्या. संध्याकाळी पोचलेल्या पुनमच्या वडिलांनी जीपमधून उतरून हात जोडले आणि ज्या घरात असा बंदोबस्त आहे तिथून मुलीला नेणार नाही म्हणाले. शेजाऱ्यांनी खराटे टाकून झुरळं एकेक करून, फुलं वेचावीत तशी पेटीत परत घातली. त्या रात्री भार्गवी गाढ झोपली. घर वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुपादप्पा वर आले, ते ताटलीत गूळपोळी घेऊन. इतकं मऊ ते आजवर कधी बोलले नव्हते. रात्रीपासून फोन थांबेना, म्हणाले. अहमदपूरचे, चाकूरचे, पार उदगीरचे पालक विचारायलेत, की किड्यांच्या घरात जागा हाय का. लेकरांच्या जिवाचा प्रश्न हाय, न्हाई तरी कसं म्हणायचं?

अंबरीशनं त्यांना दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली.

“शब्द हायच की, सर. पण जनावर पाळायचं न्हाई ही अट बी हाय. आन् बाईंनी चारचौघांत, आपल्या तोंडानं सांगितलं.” गुरुपादप्पांनी हॉलच्या भिंतीवरून नेहमीची नजर फिरवली. “घाई न्हाई. या महिन्यात आरामात बघा दुसरीकडं. पेटी तेवढी असू द्या हितंच, आमची ही बघंल त्यांचं गाजर-कोंडा.”

गुरुपादप्पा दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि काहीतरी आठवून वळले.

“बेडूक मातर घेऊन जा. ते खातंय त्यांना.”