बाहेरचा पार्ट

भाटकरकाका माणूस भेटला की नमस्कार करत नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, जोरात खाली दाबतात आणि एकदम सोडतात. खांदा कसा वर येतो ते बघून निदान सांगतात.

मांडवीतल्या त्यांच्या घरी वरची खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा माझ्या हातात बी.ए.ची गुणपत्रिका होती. आमच्या घरातली ती पहिलीच, म्हणून मी ती सगळीकडे नेत असे. काकांनी ती बघितली नाही. खांदा दाबला, सोडला आणि म्हणाले, "शॉकअप बरे हत. सामान वर ने."

काका जहाजावर फिटर होते. बरोबरीचे लोक रजेवर येताना टेपरेकॉर्डर आणायचे. काकांनी जपानच्या एका बंदरातून रिमोटवर पळणारी रेसची गाडी आणली, तीही सुट्या भागांत. हातभर लांबीची, लाल. घरी पाटावर बसून त्यांनी ती जोडली. या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली असतील. गाडी अजून आहे. म्हणजे वरचं लाल कवच तेच आहे, खालचं जवळजवळ सगळं काकांनी बदललंय. धक्के झेलणारे चारही शॉकअप पेनाच्या टोपणाएवढे, सोनेरी, आत खरं तेल भरलेले.

गाडीबरोबर आलेला भाग तो 'कंपनीचा', आणि दुसऱ्या कुणी बनवून विकलेला तो 'बाहेरचा'. काकांच्या मते कंपनीच्या मालात राम नसतो.

"कंपनीचा म्हंजे निस्ता नाव. नाव काय खाचा हाय? बाहेरचा लावून बघ, मग बोल."

ही त्यांची सगळ्यावरची मात्रा आहे. जावई परजिल्ह्यातला, म्हणून चांगला. माझी ओळखसुद्धा ते अशीच करून देतात: "हा आमचा ग्रॅज्युएट. पार्ट बाहेरचा, पण फिट बसला." आता मी शाळेत शिक्षक आहे, मानाने बोलावणारे पुष्कळ आहेत. पण या ओळखीने मला जेवढं बरं वाटतं, तेवढं कशानेच वाटत नाही.

जुने शॉकअप आणि स्प्रिंगा मिळवायला काका देशोदेशीच्या म्हाताऱ्यांशी मोबाइलवर पत्रव्यवहार करतात. इंग्रजी माझं, तक्रारी त्यांच्या. नव्या गाड्यांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा पडतो. "खोक्यातनं तयारच येतात. मग माणसानं कराचा काय?"

स्क्रू आणि वायसर ठेवायला त्यांनी काकींचा मसाल्याचा डबा घेतलाय. हळदीच्या वाटीत बारीक स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत वायसर. "एकदा आमटीत वायसर आला," काकी मला सांगत होत्या. "तर हे म्हणतात कसे, अगो, हाच तर मी शोधत होतो."

पूर्वी रजेत काका ही गाडी भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पळवायचे. ओहोटीची घट्ट वाळू, रिमोट काकांच्या हातात आणि काकी पार दुसऱ्या टोकाला. गाडी वळणावर उलटली की काकी पदर खोचून धावत जायच्या, ती सुलटी करायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "चालव आता, नीट चालव." मी राहायला आलो तेव्हा हे बंद झालं होतं. विचारलं तर काका म्हणायचे, "बॅटरी धरत नाय." मी नवी बॅटरी मागवून दिली. ती तशीच पडून राहिली.

गेल्या वर्षी काकींचे कधीपासून दुखणारे गुडघे अगदीच गेले. उजवा बदलावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, काका खूश होतील. पण आयुष्यभर बाहेरच्या पार्टाची बाजू घेणारा हा माणूस खुर्ची डॉक्टरांच्या जवळ ओढून बसला. मग हळूच विचारलं, "हा कंपनीचा की बाहेरचा?"

"बाहेरचाच आहे," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "परदेशातून येतो."

"कंपनीचा नाय होणार काय?"

"अहो, चांगल्या कंपनीचाच आहे."

"ती कंपनी नाय. हिच्या कंपनीचा बोल्तो मी. हिचा हिलाच हाय तो दुरुस्त नाय होणार?"

डॉक्टरांना मी समजावून सांगितलं. ते हसून म्हणाले, "काका, ती कंपनी आता पार्ट काढत नाही." एरवी या वाक्यावर काकांनी टाळी दिली असती. ते उठून बाहेर गेले.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा आम्ही बाकावर बसलो होतो. मी काकांचा खांदा दाबला आणि सोडला. तो खालीच राहिला. काका म्हणाले, "तेल संपला रे."

ऑपरेशन चांगलं झालं. काकी आधी वॉकर घेऊन, मग काठी घेऊन चालायला लागल्या. पाचेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी काकांनी रिक्षा बोलावली. मांडीवर गाडी, तिच्यात नवी बॅटरी. आम्ही तिघं भाट्याला गेलो.

काका गाडी इतकी हळू चालवत होते की किनाऱ्यावरचं एक कुत्रं तिचा वास घेत घेत तिला मागे टाकून गेलं. काकी काठी टेकत तिच्या मागून. "बिघडली की काय हो?" त्या म्हणाल्या.

"तू चाल."

पंधरावीस पावलांवर गाडीचं चाक खेकड्याच्या बिळात गेलं आणि ती उलटली. चाकं वर, सोनेरी शॉकअप उन्हात. मी उचलायला पुढे निघालो, तोच माझ्या खांद्यावर काकांचा हात पडला. त्यांनी खांदा दाबला.

"थांब. ता काम तिचा हाय."

काकी निघाल्या. एक पाऊल, काठी, एक पाऊल. काकांचा हात तसाच दाबलेला. काकी गाडीपाशी पोचल्या, काठीचं टोक कवचाखाली घातलं, गाडी सुलटी केली आणि आमच्याकडे वळून ओरडल्या, "चालव आता. नीट चालव."

तेव्हा कुठे काकांनी माझा खांदा सोडला.