खिडकीजवळची खुर्ची

"सर, कुलूप नाही लावता येणार," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "खिडकीच्या टेबलावर पुस्तक उघडं आहे."

कायद्याचे प्राध्यापक वैतागले. परगावी मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, बायको स्टेशनला जायला खाली टॅक्सीत बसून फोनवर फोन करत होती आणि वाचनालयाची किल्ली नेमकी त्यांच्याकडे होती.

"अहो, मग मिटा की ते."

"तीनदा मिटलं. पाठ वळली की उघडतं."

नियम प्राध्यापकांचाच होता: टेबलावर पुस्तक उघडं असताना वाचनालयाला कुलूप लावू नये. एकदा एक विद्यार्थिनी पुस्तक उघडं ठेवून कपाटांमागे गेली आणि आत अडकली, तेव्हा केलेला.

त्यांनी खिडकी पाहिली. बंद होती. पुस्तक मिटून त्यावर जाडजूड कोश ठेवला. दारापाशी पोचतात तोच मागे पानं सळसळली. कोश बाजूला नीट ठेवलेला, पुस्तक उघडं आणि खुर्ची किंचित मागे सरकलेली.

खुर्ची त्यांच्या गुरूंची. सर जाऊन वर्ष झालं होतं. नियम कशासाठी केला ते आधी विचारा, असं ते म्हणत. प्राध्यापकांनी लेखामागून लेख लिहून त्यांचं म्हणणं खोडून काढलं होतं: लिहिलेले शब्द हाच कायदा, बाकी सगळे अंदाज.

"राहू दे उघडं. लावतो मी कुलूप."

"आणि उद्या मलाच झापाल. शब्दाबाहेर जायचं नाही, असं तुम्हीच दरडावलं होतंत."

फोन पुन्हा वाजला. प्राध्यापकांच्या अंगावर काटा आला होता, पण पोरीपाशी आपण वेळेवर पोचणार नाही याचं त्यांना रडू येत होतं. ते खुर्चीकडे वळले.

"बरं, सर. आत कुणी अडकू नये, एवढ्यासाठीच तो नियम. हेतूच बघायचा असतो."

पुस्तक मिटलं. प्राध्यापकांनी घाईघाईने कुलूप घातलं. दोघं जिन्यापाशी पोचली, तर आतून दारावर टकटक झाली. अगदी सभ्य.

बाई कुजबुजल्या, "आत कुणी अडकू नये म्हणालात ना, सर?"

प्राध्यापक परत गेले, दार उघडलं आणि अदबीने बाजूला झाले. सर हयात असताना त्यांनी कधी सरांना पुढे जाऊ दिलं नव्हतं. एक गार झुळूक त्यांना चाटून जिना उतरून गेली.

"कुठे तडमडला होतात?" बायकोने विचारलं.

"सरांशी वाद चालला होता."

नवऱ्याचा पांढराफटक चेहरा तिने नीट पाहिला. "मग?"

"त्यांचं बरोबर होतं."

"मेल्यावर का होईना, ऐकलंत. बसा, गाडी मिळेल अजून."

प्राध्यापक अंग चोरून दाराशी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बायकोने तिथली पिशवी उचलून मांडीवर घेतली.