लांबचा टाक!

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत कुणी बारावी पास झालं, की दत्तूकाका पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारतात, "सगळ्यात लांबचा कॉलेज खयचा?" आणि उत्तर यायच्या आत निकाल देऊन मोकळे होतात. "फॉर्मात ताच टाक. पयलो नंबर!"

मेडिकलवाल्यांना एकवेळ ठीक आहे हो. पण शेजारच्या कॉमर्सच्या पोरालाही त्यांनी नांदेड सुचवलं. बिचारा पुढे आठवडाभर त्यांच्या खिडकीखालून वाकून जायचा.

आणि हा माणूस स्वतः? लालबागच्या पलीकडे पाऊल टाकत नाही. वरळीला भाचीच्या मुलाचं बारसं होतं, तर म्हणाले, "इतक्या लांब?" देवगड तेवढं वेगळं. गणपतीला अकरा-बारा तास एसटीत बसून जातील, पण ते लांब नाही. ते गाव!

यंदा माझ्या लेकीचा, मुग्धाचा नंबर आला. तिला डॉक्टर व्हायचंय. नीटच्या मार्कांवर मुंबई शक्यच नव्हती, धुळं मिळण्यासारखं होतं. माझं आपलं ठरलेलं, घराजवळच्या कॉलेजात बीएस्सीला टाकायची, पुढच्या वर्षी परत नीट देईल. डोळ्यांसमोर तरी राहील. फॉर्म भरायच्या दिवशी काका चष्मा पुसत येऊन बसलेच. "मुग्धा, धुळा टाक. आवशीचा ऐकू नको."

माझं टाळकंच सटकलं. "तुमचं काय जातंय हो सांगायला? तुमची सुजाता तर घरातच आहे!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सुजाता त्यांची एकुलती एक, आता पंचेचाळिशीची. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते. हात इतका हलका, की चाळीतली म्हातारी माणसं दुसऱ्या कुणाला सुई लावू देत नाहीत.

काका चिडले नाहीत. "तिकापण धुळा लागला होता," म्हणाले. "एमबीबीएस. मीच नको म्हटलंय. एकटी पोर, इतक्या लांब! हयसरच बीएस्सीक घातलंय. रोज दुपारी गरम डबो घेवन मी गेटार उभो. माका वाटला, पोरगी सुखात आसा." मग खाली बघून म्हणाले, "डबो खायची. बोलायची नाय."

वीस वर्षं मी त्या 'लांबचा टाक'वर हसत होते! इतकी लाज वाटली ना मला. मुग्धाने धुळं पहिलं टाकलं, आणि तेच लागलं.

पोचवायला काका हट्टाने आमच्यासोबत आले. पोरीला हॉस्टेलवर सोडताना माझा जीव तुटत होता. परत चाळीत पोचलो तेव्हा सुजाता गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. काका पिशवी खाली न ठेवताच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सुजा, लांब नाय गो ता. नाशकाक डबो खाल्लंव, जरा डोळो लागलो, तवसर धुळा इला."

सुजाताने हातातल्या टॉवेलची घडी घातली.

"देवगडपेक्षा जवळ आहे, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाही होतं."

"व्हय गो," काका म्हणाले, आणि पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले.