बंडगरांचा डावा हात

ओळ संपली की बंडगर फोन ढकलून देतात. हा आरोप नव्हे. माझ्या डोळ्यांदेखत वारंवार घडलेली वस्तुस्थिती आहे. फोन टेबलावर निजवलेला असतो, दोन्ही तर्जन्या वीतभर उंचीवरून त्यावर कोसळत असतात, आणि ओळ भरली की डावा हात आपोआप उठून फोनला उजवीकडे असा रेटा देतो की तो टेबलाची कड ओलांडतो. पहिल्याच आठवड्यात तो चार वेळा जमिनीवर आला. सवय बदलावी असा प्रस्ताव मी मांडला. तो फेटाळण्यात आला. त्याऐवजी टेबलाच्या उजव्या अंगाला खाली एक सोलापुरी चादर चौघडी करून अंथरण्यात आली.

नामदेव बंडगर जुळे सोलापुरात माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, एकटेच. कोर्टाच्या आवाराबाहेर झाडाखाली बसून त्यांनी उभे आयुष्य मराठी टाइपरायटर चालवला. ओळ संपत आली की यंत्राची घंटा वाजे आणि डावा हात दांडी रेटून कागद पुढल्या ओळीवर आणी. त्या हाताला निवृत्तीची नोटीस अद्याप बजावली गेलेली नाही. पाणी, कचरा आणि खोदून तसाच सोडलेला रस्ता यांबद्दलची माझी सर्व तक्रारपत्रे त्यांनीच टाइप केली. माझा एकही कठोर शब्द त्यांनी कधी सौम्य केला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. "मजकूर पक्का का, साहेब?" एवढेच ते विचारत. मी होकार दिला की "एक मूळ, दोन नकला" असे पुटपुटून, कागदांमध्ये कार्बन घालून यंत्रावर तुटून पडत.

हा काचेचा नवा फोन आल्यावर पहिला वाद याच नकलांच्या मुद्द्यावर झाला.

"साहेब, ह्याची नक्कल कुटं ऱ्हाती?"

"फोनमध्येच राहते."

"दावा की."

मी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिले. "ही तर मूळच हाय."

कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा मी वहीत 'प्रलंबित' म्हणून नोंदवून ठेवला आहे.

महिन्याभरात काच दोनदा तडकली. नव्या पेठेतल्या दुकानदाराने दुसऱ्यांदा काच बसवताना त्यांना समजावले, "काका, बोट नुसतं टेकवायचं असतं, हाणायचं नसतं." बंडगर शांतपणे म्हणाले, "हाणल्याबिगर खालच्या नकलेवर उमटत न्हाई." दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

माझा स्वतःचा संताप निराळ्या कारणासाठी होता. आपण एक शब्द लिहावा आणि फोनने पुढले तीन पुढे करावेत, हा काय प्रकार आहे? मी न उच्चारलेला शब्द माझ्या तोंडी घालण्याचा अधिकार या यंत्राला कोणी दिला? मी उत्पादक कंपनीला अकरा मुद्द्यांचे पत्र पाठवले आहे. बंडगरांनी मात्र फोनला समोर बसलेल्या पक्षकारासारखे वागवले. "मधी बोलू नगंस," ते त्याला बजावत आणि पुढचे अक्षर हाणत.

सरावाचा एवढा खटाटोप कशासाठी, हे मी एके दिवशी विचारलेच. बोलून निरोप पाठवण्याची सोय फोनमध्ये आहे, हेही निदर्शनास आणून दिले.

बंडगरांनी वाकून चादरीची घडी सरळ केली. मग म्हणाले, "आक्काला ऐकू येत न्हाई आता."

त्यांची थोरली बहीण माळशिरसला असते. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला दोघे बटणांच्या जुन्या फोनवर बोलत. विषय पाऊस, शेळ्या आणि जेवण. मग तिचे कान गेले.

"शेवटाला बोलली तवा म्हणाली, 'गप का रं? रागावलायस व्हय?' आन् मी हितं घसा फाडत हुतो, साहेब. आता ती फोनच घेत न्हाई. तिच्या सूनबाई म्हणत्यात, माझ्या फोनवर लिवून धाडा, वाचतील."

"मग मी लिहून देतो. दोन मिनिटांचे काम आहे."

"न्हाई." बंडगर ताठ बसले. "जन्मभर दुसऱ्याचं टाइप केलं. ह्यो अर्ज माझा हाय."

"निदान पोस्टाने पत्र टाका."

"एकेका पत्राला चार दिस. ती रोज सातला बसून ऱ्हाती."

परवा सकाळी त्यांनी अर्ज लिहावयास घेतला. मी संध्याकाळी वर गेलो तेव्हा तो पूर्ण होत आला होता. फोन सहा वेळा पडल्याचे त्यांनी स्वतःहून कबूल केले. मजकूर येणेप्रमाणे होता:

"मा. आक्का यांच्या सेवेशी. विषय : न बोलण्याबाबत खुलासा. उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की, अर्जदार रागावलेला नाही. अर्जदार रोज सात वाजता बोलत होता. आपणांस ऐकू आले नाही. करिता हा अर्ज. आपला आज्ञाधारक, नामा."

"मजकूर पक्का का, साहेब?"

मी मान हलवली. एकही दुरुस्ती सुचवली नाही, हे नमूद करतो.

सातला पाच कमी असताना अर्ज गेला. सात वाजून गेले. बंडगर हात मांडीवर ठेवून बसले होते, कोर्टात पुकारा होण्याची वाट पाहणारा माणूस बसतो तसे. मग फोन वाजला. आक्काने लिहिले नव्हते. तिने बोलून निरोप पाठवला होता. खणखणीत आवाज.

"नाम्या, लई सरकारी लिवलंस रं. दोनदा वाचलं चष्मा लावून. समजलं सगळं. आता जेवलास का, तेवढं लिव की."

बंडगरांनी ते तीन वेळा ऐकले. नंतर फोन टेबलावर सरळ केला, आणि तर्जन्या खाली आल्या.

"जेवलो."

शेजारी दुपारची भाकरी ताटाखाली झाकलेली, जशीच्या तशी होती. लेखी असत्य विधान मी आयुष्यात कधी बिनहरकत जाऊ दिलेले नाही. त्यापायी नातेवाईकही दुरावले.

"मजकूर पक्का का, साहेब?" त्यांनी वर न पाहता विचारले. डावा हात उठू लागला होता.

"पक्का," मी म्हणालो, आणि फोनच्या उजव्या बाजूला माझा तळहात आडवा धरला.